दर मार्चमध्ये एसीत गॅस भरावा लागतोय? आधी गळती शोधा

मार्चचा दुसरा-तिसरा आठवडा उजाडला की पुण्यात दुपारी खोल्या तापायला लागतात. लोक रिमोटचे सेल बदलतात आणि एसी सुरू करतात. वारा येतो, पण गारवा नसतो. मेकॅनिक येतो, बाहेरच्या युनिटला म्हणजे आउटडोअरला दाब मोजायचा गेज लावतो, 'गॅस कमी झालाय' म्हणतो आणि गॅस मारून जातो. त्या दिवशी खोली थंडगार. मे निघून जातो, पावसाळ्यात एसी फारसा लागत नाही, आणि पुढच्या मार्चमध्ये पुन्हा तेच. सिंहगड रस्ता, धायरी, कोथरूड या पट्ट्यात मी एसीची कामं करतो. 'दरवर्षीचा गॅस भरायचाय, कधी येता?' असं लोक इतक्या सहज विचारतात, की जणू स्कूटरमध्ये पेट्रोलच भरायचंय.

एसीतला गॅस वापरून संपत नाही. कॉम्प्रेसर तो दाबतो, आउटडोअरच्या कॉइलमध्ये त्याची उष्णता बाहेर जाते, तो द्रव होतो, इनडोअरच्या कॉइलमध्ये उकळून खोलीतली उष्णता घेतो आणि परत कॉम्प्रेसरकडे येतो. हे सगळं तांब्याच्या बंद नळीत फिरत असतं. कंपनीतून भरून आलेला गॅस मशीनच्या अख्ख्या आयुष्याला पुरायला हवा. कमी झाला असेल, तर कुठून तरी बाहेर गेलाय. भोक न बुजवता वरून भरलेला गॅसही त्याच वाटेने जाणार.

पण त्याआधी एक पायरी आहे, आणि ती बहुतेक जण गाळतात. गॅस खरंच कमी आहे का, हे बघायची.

गारवा कमी होण्याची निम्मी कारणं गॅसशी संबंधित नसतात. इनडोअरचं फिल्टर काढून उजेडात धरा. आरपार दिसत नसेल, तर आधी ते धुवा. मग आउटडोअर बघा. वाघोली, हिंजवडी, बाणेर इथे चारी बाजूंना बांधकामं आहेत, तिथली सिमेंटची बारीक धूळ कॉइलच्या पत्र्यांमध्ये जाऊन बसते आणि पहिल्या पावसात तिथेच घट्ट होते. शिवाय पारवे. आउटडोअरच्या मागे काड्या, पिसं, विष्ठा यांचा थर साचला, की पंखा फिरत राहतो पण हवा खेचली जात नाही. बऱ्याच सोसायट्यांत आउटडोअर अरुंद डक्टमध्ये एकावर एक बसवलेली असतात. खालच्या मजल्याची गरम हवा वरचं मशीन ओढतं, आणि दुपारी तीन वाजता त्या डक्टमध्ये हात घातला तर चटका बसेल इतकी हवा तापलेली असते. अशा ठिकाणी कितीही गॅस मारला तरी उपयोग नाही.

इन्व्हर्टर नसलेल्या जुन्या एसीत कपॅसिटर, म्हणजे कॉम्प्रेसरला सुरू व्हायला धक्का देणारा भाग, गेला, की आउटडोअरचा पंखा फिरतो पण कॉम्प्रेसर उचलत नाही. घरातल्या माणसाला 'आउटडोअर चालू आहे' असंच वाटतं. मेकॅनिकने तारेभोवती अडकवून करंट मोजायचा क्लॅम्प मीटर लावला तर एका मिनिटात कळतं. दीड टनाचा साधा एसी नीट चालताना साधारण सात-आठ अँपिअर घेतो. फक्त पंखा चालू असेल, तर आकडा एकच्याही खाली असतो. कॉम्प्रेसर चालतोय पण अँपिअर नेहमीपेक्षा बरेच कमी आहेत, असं असेल तर मात्र गॅस कमी असण्याची शक्यता वाढते.

घरच्या घरी करायची चाचणी सोपी आहे. खोलीचं दार-खिडक्या बंद करा, तापमान सगळ्यात खाली आणा, पंखा पूर्ण वेगावर ठेवा आणि वीस मिनिटं चालू द्या. साधा डिजिटल थर्मामीटर आधी इनडोअरच्या वरच्या जाळीपाशी धरा, जिथून हवा आत जाते, आणि मग खाली झडपेच्या तोंडाशी. एप्रिलच्या कोरड्या हवेत या दोन आकड्यांत दहा-बारा अंशांचा फरक तरी दिसायला हवा. पावसाळ्यात तो थोडा कमी येतो, कारण बरीचशी ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते. फरक सहा-सातच्या खाली असेल, तर काहीतरी नक्की बिघडलंय.

इथे पुण्यातला एक गैरसमज सांगितलाच पाहिजे. 'पाईपमधून पाणी पडत नाही, म्हणजे गॅस संपला' असं लोक छातीठोकपणे सांगतात. मुंबईत या खुणेला थोडाफार अर्थ आहे. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते, की आर्द्रता कित्येकदा वीस टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली जाते. अशा हवेत कॉइल उत्तम गार असली तरी तिच्यावर पाणी जमत नाही. तोच एसी जूनमध्ये बादली भरून पाणी टाकेल. तेव्हा एप्रिलमध्ये निव्वळ पाणी बघून गॅस भरून घेऊ नका.

बर्फाची खूण जास्त खात्रीची, पण तीही वाचता यायला हवी. गॅस कमी झाला की कॉइलमधला दाब उतरतो, उरलेला गॅस शून्य अंशाच्या खाली उकळायला लागतो, आणि कॉइलच्या सुरुवातीच्या भागावरच बर्फ धरतो. बाकीची कॉइल कोरडी आणि कोमट राहते. आउटडोअरपाशी जी बारीक नळी असते, पाव इंची, आमच्या भाषेत दोन सुताची, तिच्या नटावर पांढरं दव गोठलेलं दिसतं. याउलट फिल्टर किंवा ब्लोअर घाणीने भरला असेल, तर अख्खी कॉइल बर्फाने झाकते आणि बर्फ जाड नळीपर्यंत येतो. पहिला प्रकार गॅसचा, दुसरा हवेचा.

गेजच्या एका आकड्यावर विश्वास ठेवू नका, हेही सांगतो. एसी बंद असताना लावलेला गेज गॅस किती आहे हे सांगतच नाही. आत थोडासा द्रव शिल्लक असेपर्यंत दाब फक्त बाहेरच्या तापमानावर ठरतो. अर्धा गॅस गेलेला एसी आणि पूर्ण भरलेला एसी, दोन्ही बंद असताना सारखाच दाब दाखवतात. चालू एसीतही दाब गॅसच्या प्रकारानुसार बदलतो. जुन्या मशीनमधल्या आर-२२ चा साठ-सत्तर पीएसआय (दाब मोजायचं एकक) असतो, तर नंतरच्या मशीनमधल्या आर-४१०ए आणि आर-३२ चा साधारण त्याच्या दुप्पट. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलत असल्याने दाबही हलत राहतो. तिथे नुसता गेज बघून गॅस मारणं म्हणजे अंदाजपंचे काम.

आता समजा, गॅसच कमी आहे हे नक्की झालं. मग पहिला प्रश्न: भरलेला गॅस किती दिवस टिकतो? आठवड्यात गेला तर गळती मोठी आहे आणि ती साबणाच्या पाण्याने लगेच सापडेल. एक मोसम टिकत असेल, तर भोक सुईच्या टोकाहून लहान असतं. ते शोधायला वेळ लागतो, आणि मार्च-एप्रिलच्या धावपळीत दिवसाला आठ-दहा घरं करणारा माणूस तो वेळ देत नाही. दरवर्षी गॅस भरण्याची वेळ बहुतेकांवर याचमुळे येते.

गळती सगळ्यात जास्त वेळा फ्लेअरच्या नटापाशी असते. नळीचं टोक पसरवून कर्ण्यासारखं करतात आणि पितळी नटाने आवळतात, तो हा जोड. इनडोअरच्या मागे दोन, आउटडोअरला दोन, असे किमान चार. पुण्यात भाडेकरार अकरा महिन्यांचे. घर बदललं की एसी निघतो, दुसऱ्या घरी लागतो, आणि जुन्याच फ्लेअरवर जुनाच नट पुन्हा आवळला जातो. तांबं एकदा दाबलं गेलं की कडक होतं. दुसऱ्या-तिसऱ्यांदा आवळताना त्यावर केसाएवढी चीर पडते. म्हणून शिफ्टिंगच्या वेळी चारही टोकं कापून नवीन फ्लेअर करून घ्या. काम काही मिनिटांचं आहे, आणि शिफ्टिंगचा भाव ठरवतानाच ते बोलून घ्यावं.

धायरीतल्या एका घरात सलग काही वर्षं फक्त गॅस भरला जात होता. काकांनी सगळी बिलं फाइलला लावून ठेवली होती. आउटडोअरचे दोन्ही नट प्रत्येकाने तपासले होते, कारण ते समोर दिसतात. इनडोअरमागचा जोड मात्र भिंतीतल्या खाचेत, काळ्या फोमात आणि टेपच्या वेढ्यात गुंडाळलेला होता. टेप सोडवत गेलो तर आतले वेढे चिकट लागले. फोम नटापाशी तेलाने भिजून काळा झालेला, त्यावर धुळीचा थर. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल फिरत असतं, म्हणून गॅस झिरपतो तिथे तेलाचा डाग राहतोच. नट पुसला, भांडी घासायचा साबण पाण्यात दाट कालवून ब्रशने लावला. बराच वेळ काही नाही. मग नटाच्या मागच्या कडेला मोहरीएवढा एक फुगा आला, फुटला, आणि त्याच जागी दुसरा. काका म्हणाले, 'अहो, एवढ्याशा फुग्यासाठी इतके पैसे घातले मी?' टोक कापून हातात दिलं, तेव्हा फ्लेअरच्या कडेवरची चीर त्यांना नुसत्या डोळ्यांनी दिसली.

नटांनंतर बघायची जागा म्हणजे आउटडोअरचा सर्व्हिस व्हॉल्व्ह. गॅस भरायच्या तोंडात सायकलच्या व्हॉल्व्हसारखी बारीक पिन असते. तिचं रबर कडक झालं की थोडा थोडा गॅस निसटतो. त्यावरचं पितळी टोपण नीट घट्ट असेल तर बराच बचाव होतो, पण घाईत भरून गेलेला माणूस ते टोपण खिडकीच्या कठड्यावरच विसरतो. आउटडोअरला टोपण नसेल तर आजच लावून घ्या. आउटडोअरच्या आत दोन नळ्या एकमेकींना घासत असतील, तर कंपनाने तिथेही भोक पडतं. पीओपीच्या वर किंवा भिंतीत गाडलेल्या पाईपमध्ये मधेच जोड दिलेला असेल, तर तो शोधणं सगळ्यात त्रासाचं. नवीन घरात पाईप गाडून घेताना मधे एकही जोड नसलेला अखंड पाईप टाकायला सांगा, आणि दोन्ही टोकांचे नट उघडता येतील अशी जागा ठेवा.

उरली कॉइल. नट कोरडे आहेत, व्हॉल्व्ह ठीक आहे, तरी गॅस जातो, तेव्हा इनडोअरच्या कॉइलवर संशय घ्यायचा. तांब्याला मुंगीच्या वारुळासारखी आतून पोखरणारी गंज लागते. ओल आणि फॉर्मिक किंवा अ‍ॅसेटिक आम्लाची वाफ एकत्र आली की ती सुरू होते. ही वाफ प्लायवूडच्या गोंदातून, काही रंगांतून, सफाईच्या द्रावणांतून येते. नव्या फ्लॅटमध्ये सगळं फर्निचर करून, खोल्या बंद ठेवून एसी चालवला, तर दोन-तीन वर्षांत कॉइल गळायला लागण्याचं हे एक कारण असू शकतं. उघड्या नाल्याशेजारी किंवा नदीपात्रालगत राहणाऱ्यांना आणखी एक त्रास. सांडपाण्यातून येणारा हायड्रोजन सल्फाइड तांबं काळं पाडतो आणि खातो. आणि कृपा करून कॉइल अ‍ॅसिडने किंवा टॉयलेट क्लीनरने धुऊ देऊ नका. चकचकीत दिसते हे खरं, पण धातू पातळ होतो. साधं पाणी, मऊ ब्रश आणि कॉइलसाठीच बनवलेलं सौम्य क्लीनर पुरे.

गळती शोधायची खरी पद्धत नायट्रोजनची. उरलेला गॅस काढून घ्यायचा, कोरडा नायट्रोजन रेग्युलेटर लावून भरायचा, आणि कंपनीने त्या मशीनसाठी दिलेल्या दाबापर्यंत टप्प्याटप्प्याने न्यायचा. सगळ्या जोडांना साबण लावायचा. फुगा दिसला नाही तर गेज तसाच लावून ठेवायचा आणि काही तासांनी, जमलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याच वेळी आकडा बघायचा. रात्री तापमान उतरलं की दाब थोडा उतरतो, म्हणून वेळ सारखी हवी. दाब खरंच पडला असेल, तर इनडोअर, आउटडोअर आणि पाईप वेगवेगळे बंद करून प्रत्येकाची चाचणी घ्यायची. नायट्रोजनच्या जागी ऑक्सिजन कधीही नाही. वेल्डिंगचा ऑक्सिजन हाताशी असतो म्हणून तो मारायचा मोह होतो, पण कॉम्प्रेसरचं तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. कोणी तसं करताना दिसलं तर काम तिथेच थांबवा आणि घरच्यांना घेऊन बाहेर जा.

आर-३२ हा गॅस थोडासा ज्वलनशील आहे. तो असलेल्या मशीनवर आत गॅस असताना वेल्डिंगची ज्योत लावायची नाही. आधी गॅस काढायचा, खिडक्या उघडायच्या, नायट्रोजनने नळी झटकून घ्यायची, मगच ब्रेझिंग, म्हणजे ज्योतीने जोड देणं. गळकं मशीन शिफ्ट करताना 'पंप डाउन'चा, म्हणजे कॉम्प्रेसर चालवून सगळा गॅस आउटडोअरमध्ये ओढून घेण्याचा, हट्टही धरू नये. गळक्या जागेतून हवा आत ओढली जाते, आणि हवा व तेल कॉम्प्रेसरमध्ये दाबलं गेलं तर तो फुटू शकतो.

कॉइलवर एक भोक सापडलं तर वेल्डिंग मारून भागवावं का? माझं मत सांगतो. भोक नळीच्या वळणावर असेल आणि कारण घासणं असेल, तर जरूर मारा. पण आतून पोखरलेल्या कॉइलला आज एक भोक बुजवलं, तर तीन महिन्यांनी शेजारी दुसरं उघडतं. तिथे कॉइलच बदलावी. कंपनीच्या वॉरंटीत कॉइल आहे का, हे कार्ड काढून वाचा. 'दहा वर्षांची वॉरंटी' बहुतेक वेळा फक्त कॉम्प्रेसरची असते.

दुरुस्ती झाल्यावर दोन गोष्टी तुमच्यासमोर व्हायला हव्यात. पहिली, व्हॅक्यूम पंप लावून निदान अर्धा तास व्हॅक्यूम, म्हणजे नळीतली हवा आणि ओल ओढून काढणं. थोडा गॅस सोडून 'हवा काढली' असं म्हणणं चालत नाही. आत राहिलेली ओल नव्या गॅसच्या तेलात मुरते आणि आम्ल तयार करते. पंप बंद केल्यावर गेजचा काटा जागेवर राहिला पाहिजे. दुसरी, वजन. आउटडोअरच्या लेबलवर गॅसचं नाव आणि वजन छापलेलं असतं. दीड टनाच्या आर-३२ मशीनमध्ये ते साधारण पाऊण ते एक किलोच्या आसपास असतं. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून बरोबर तेवढाच गॅस जायला हवा. आर-२२ च्या मशीनमध्ये आर-३२ किंवा दुसरा कुठला गॅस मिसळू देऊ नका. बिलावर गॅसचं नाव, किती ग्रॅम भरला आणि गळती कुठे होती हे लिहून घ्या. पुढच्या माणसाला त्याचा फार उपयोग होतो.

हे सगळं मला इतकं का लागतं, त्याचं आणखी एक कारण आहे. गळलेला आर-४१०ए कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,०८८ पट उष्णता धरून ठेवतो, आर-३२ सुमारे ६७५ पट. एका किलो आर-४१०ए ची गळती म्हणजे दोन टन कार्बन डायऑक्साइड. आर-२२ तर ओझोनच्या थरालाही खातो. मॉन्ट्रियल कराराखाली भारतात तो २०३० पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद होतोय. तेव्हा आर-२२ च्या जुन्या मशीनची कॉइल गेली असेल, तर त्यावर खर्च करू नका, मशीन बदला.

नवीन घेताना वीजबचतीचे तारे बघाल, तेव्हा लेबलवरचं वर्षही बघा. १ जुलै २०२२ ला ताऱ्यांचे निकष कडक झाले, आणि आदल्या दिवशीपर्यंत पाच तारे असलेलं मशीन चार ताऱ्यांत आलं. लेबलवर वर्षाला किती युनिट हे छापलेलं असतं, तो आकडा १,६०० तासांच्या वापरावर काढलेला असतो. दोन मशीनची तुलना त्या युनिटांवरून करा. जुने पाईप नव्या मशीनला वापरायचा आग्रह इन्स्टॉलेशनवाले धरतील. आर-२२ चे जुने पाईप आर-३२ ला देऊ नका. दाब जास्त, आणि आतलं जुनं तेलही वेगळं. तापकीर गल्लीत तांब्याचा पाईप घ्यायला गेलात तर जाडी विचारून घ्या. हातात धरून सहज चेपणारा पाईप फ्लेअर करतानाच चिरतो.

गळतीचं काम दिवाळी ते संक्रांतीच्या मधे काढा. तेव्हा चांगल्या माणसाला वेळ असतो आणि तो रात्रभर गेज लावून ठेवायलाही तयार होतो. थंडीत गारव्याची परीक्षा नीट घेता येत नाही, पण नायट्रोजन, व्हॅक्यूम आणि वजन यांना ऋतू लागत नाही. मग मार्चमधल्या पहिल्या तापलेल्या दुपारी थर्मामीटरची चाचणी घ्या आणि फरक फिल्टरच्या झाकणाच्या आत पेन्सिलने लिहून ठेवा. मेमध्ये तेवढ्याच उन्हात, फिल्टर धुऊन, पुन्हा मोजा. आकडा तीन-चार अंशांनी उतरला असेल, तर पुन्हा गॅस मारू न देता आधी ज्याने काम केलं त्याला बोलवा आणि त्याचे चारही नट त्याच्याकडूनच तुमच्यासमोर साबणाने तपासून घ्या.